एका वेळी एकच गोष्ट

वाडी, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय गुंजन,

तू रागावली असशील, आणि तुझा राग रास्त आहे. गेले कित्येक रविवार तुझा व्हिडिओ कॉल वाजून वाजून थकतो आणि मी तो उचलत नाही. कधी 'बाबा झोपले आहेत' असं टाकते, कधी 'इकडं नेट नाही'. तुझा मागचा मेसेज तर एका ओळीचा होता, 'मावशी, काय लपवते आहेस?' तेव्हापासून कागद घेऊन बसायचं मनात होतं. फोनवर सांगता आलं असतं म्हणशील, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देतेस कधी? तिसऱ्या वाक्याला 'मावशी, तू फार विचार करतेस' म्हणून मोकळी होतेस. कागद मध्ये तोंड घालत नाही. शिवाय या वेळी मला आवाज करायची मुभाही नाही. तुझे बाबा मागच्या खोलीत अंधारात पडले आहेत, दार लोटलेलं आहे, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून हे लिहिते आहे. फोडणीसुद्धा देता येत नाही. लग्नाच्या पंगतीत एकटीच चार बायकांचं बोलणारी तुझी मावशी दुपारभर तोंडाला कुलूप लावून बसते, हे तुझ्या आजीला कुणी सांगितलं असतं तर तिनं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

मेंदूज्वरानं बाबांचं काय काय नेलं ते तुला वरवर ठाऊक आहे. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मागची पंचवीस-तीस वर्षं पुसल्यासारखी झाली होती, आणि नवीन काही डोक्यात थांबेना. जेवून हात धुतले की जेवलो हेही गेलं. पण तू येतेस चार दिवसांसाठी. तेव्हा घरात गडबड असते, आणि मीही तुझ्यासमोर थोडं सावरून घेते. रोजचा दिवस कसा जातो ते आज लिहिते. सकाळी डोळे उघडले की बाबा छताकडे बघतात आणि विचारतात, 'हे घर कोणाचं होय?' हे घर आपण बांधलं, याच्या भिंतींवर त्यांनी स्वतः पाणी मारलं, पण त्यांच्या लेखी ते अजून कोराडीच्या क्वार्टरमध्येच राहतात आणि त्यांना पॉवर स्टेशनवर बी शिफ्टला जायचं असतं. मग मी दिसते. चेहरा खुलतो आणि म्हणतात, 'काहून वं यमू, कधी आली तू? पेपर कसा गेला?' मी पन्नाशीला टेकलेली बाई, गुडघ्यांना तेल चोळत उठलेली, आणि मला माझ्या बी.ए.च्या पेपरचं विचारतात! पिकलेले केस दिसत नाहीत असं नाही. 'अभ्यास करून करून केस पिकले तुझे, पुरी वाळली तू, सुभद्राले सांगतो तुले बदाम भिजवून द्यायले,' असं म्हणतात. आणि मग इकडंतिकडं बघून, आवाज जरा खाली आणून, 'सुभद्रा कुठी गेली वं?'

सुभद्रा म्हणजे तुझी आई, माझी ताई. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा कावीळ होऊन ती गेली आणि वर्षभरानं माझं त्यांच्याशी लग्न लावून दिलं, यातलं काही म्हणता काही त्यांच्याजवळ उरलेलं नाही. त्यांच्या हिशेबात ताई माहेरी, कळमेश्वरकडे गेली आहे, तू कुठंतरी अंगणात खेळते आहेस, आणि मी घर सांभाळायला आलेली साळी आहे. पंचवीस वर्षं मी त्यांना 'अहो' म्हणत आले. आजारातून उठल्यावर सवयीनं तसं म्हटलं तर असे चमकले, जणू परक्या बाईनं हात धरला. आता 'भाऊजी' म्हणते. दिवेलागणीला तर मजाच असते. 'यमू, तुझी बाई, सुभद्रा, घरी नाही, तू शेजारी जाऊन झोप, लोक काय म्हणतील,' असं अगदी काळजीनं सांगतात. म्हणजे माझ्याच घरातून मला रोज संध्याकाळी पाहुणी म्हणून निरोप मिळतो. मी हो म्हणते, मागच्या दारानं जाते, पुढच्या दारानं येते. त्यांना ड्युटीची घाई सुटली की ते फाटकाकडे निघतात. एकदा अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेत उभं राहून कोराडीची बस विचारताना सापडले, तेव्हापासून फाटकाला कुलूप असतं आणि चावी माझ्या कमरेला. ते आतून कडी हलवतात आणि मी चावी धरून उभी असते. दोघांपैकी कोंडलेलं कोण, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यात आपली माणसं! आजारी माणसाला भेटायला जायचं, आणि गेलं की आधी त्याची परीक्षा घ्यायची, ही आपली रीतच. चपला काढता काढता सुरू होतं, 'काय रुपराव, ओळखलं का मले?' बाबा बिचारे हसतात. मग दुसरा म्हणतो, 'अन् मले?' तिसरी म्हणते, 'आमच्या बबलूच्या लग्नात तुम्ही किती नाचले, आठवते का?' चहा होईपर्यंत एकेकजण आपापलं आठवणींचं गाठोडं त्यांच्यापुढे रिकामं करतो. प्रेमानंच करतात सगळे, मी कुणाला बोल लावत नाही. पण माणसं उठून गेली की बाबा भिंतीला टेकून असे बसतात, जणू दिवसभर कोळसा ओढला असावा. कुणी आलं होतं हेही त्यांना माहीत नसतं, फक्त थकवा राहतो. मला वाटायचं, जितकं बोलावं, जितकं दाखवावं, जितकं आठवायला लावावं तितकं बरं. टीव्ही चालू ठेवायचे, जुने फोटो दाखवायचे, तोंडाचा पट्टा तर माझा होताच. आपण त्यांना औषध देतो आहोत असंच वाटत होतं.

दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी डोळे उघडले. तुझ्याच वयाची मुलगी, बारीक आवाजाची. तिनं बाबांना एक छोटी गोष्ट सांगितली, बाजारात शेळी हरवलेल्या म्हाताऱ्याची. लगेच गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, बेरजा विचारल्या. मग म्हणाली, मघाची गोष्ट सांगा. बाबा म्हणाले, कोणती गोष्ट? पुढच्या खेपेला तिनं बसमध्ये छत्री विसरलेल्या बाईची गोष्ट सांगितली आणि दुसरं काही न बोलता त्यांना शेजारच्या अंधाऱ्या खोलीत पडू दिलं. ना फोन, ना माणूस. बऱ्याच वेळानं दिवा लावून विचारलं, तर बाबांनी छत्री सांगितली, कंडक्टर सांगितला, छत्रीला लाल मूठ होती तेही सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर होते. गुंजन, मला तिथंच रडू फुटलं. ती म्हणाली, ऐकलेली गोष्ट लगेच मुरत नाही, मेंदू ती आपल्या नकळत मागाहून पक्की करत असतो. तुमचा-माझा मेंदू भर बाजारातही ते करून घेतो. यांचा दुबळा झाला आहे, त्यामुळे वरून दुसरं काही आलं की पहिलं वाहून जातं. वरून काही येऊच दिलं नाही, तर थोडंफार टिकतं. मी म्हटलं, म्हणजे दही लावल्यासारखं, भांडं हलवायचं नाही. ती हसली, म्हणाली, अगदी तसंच. पण तिनं बजावलंही. सगळ्यांचं असं होतं असं नाही, टिकलेलं कायमचं राहील असंही नाही, पुन्हा पुन्हा करावं लागेल. आणि एका वेळी एकच गोष्ट. दोन सांगितल्या तर दुसरी पहिलीला खाते.

घरी आल्या आल्या मी करून पाहिलं. त्यांना म्हटलं, भाऊजी, पेरू आणले आहेत, फडताळात ठेवले आहेत. एवढंच बोलून मागच्या खोलीत निजवलं, खिडकीवर गोधडी टाकली, दार लोटलं आणि बाहेर जीव मुठीत धरून बसले. दुपार कलली तेव्हा ते उठून आले आणि सरळ फडताळ उघडून म्हणाले, 'मिठाचं कुठी आहे?' आजारानंतर त्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी ध्यानात राहिलं होतं आणि ते पेरू होते. मी मीठ द्यायच्या आधी देवापुढे साखर ठेवली. तेव्हापासून हे घर मुक्याचं झालं. भिंतीवरचं टोले देणारं घड्याळ उतरवलं, दारावरची बेल काढली, कुकरच्या शिट्ट्या सकाळी आटोपते. वरच्या खोल्यांत गोडाऊनमध्ये काम करणारे भाडेकरू आहेत, ते जिन्यावर चपला हातात घेऊन चढतात. मागच्या ट्रान्सपोर्टवाल्या भैय्याजींचे ट्रक मागे घेताना गाणं वाजवायचे, तेही त्यांनी माझ्यासाठी दुपारचं बंद केलं. म्हणाले, 'वहिनी, तुमच्या शांततेसाठी माही गाडी उभी राहीन, पण मागं नाही येणार.' एवढं सगळं करून रोज एक गोष्ट मुरवायची. आज औषधाच्या डबीची जागा, उद्या न्हाणीघराचं दार. बाकी सगळा वेळ मी गप्प. मला गप्प बसणं म्हणजे फाशीच की! कधीकधी भांडी घासताना नळ मोठा सोडते आणि त्याच्या आवाजाखाली स्वतःशी बोलून घेते.

आता खरी गोष्ट लिहिते. दिवाळीनंतरचा तो रविवार आठव. तुझ्या ऑफिसात कसलातरी कार्यक्रम होता आणि तू ताईची ती हिरवी साडी नेसून कॉल केला होतास. केसही मागे बांधले होतेस. गुंजन, तू आता ताई गेली त्या वयाची झालीस, आणि चेहरा तर हुबेहूब तिचाच घेतलास. मला क्षणभर धस्स झालं, तर बाबांचं काय सांगू. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, 'सुभद्रा, कधी येऊन राहिली वं? घर खायले उठते.' तुझे डोळे भरून आले ते मी इथून पाहिलं. आणि तू म्हणालीस, 'येते, लवकरच येते. तब्येत सांभाळा.' तुझ्या जागी मी असते तरी हेच बोलले असते, म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या डोक्यात पाच मिनिटांच्या वर काही थांबत नाही, मग एक गोड खोटं बोलून म्हाताऱ्या जिवाला बरं वाटत असेल तर बिघडलं कुठं, असंच तुला वाटलं. मलाही तेच वाटलं.

पण तू फोन ठेवलास आणि लाईट गेली. ज्या माणसानं जन्मभर कोराडीत वीज बनवली, त्याच्याच घरातली लाईट नेमकी तेव्हा जायची होती. टीव्ही बंद, पंखा बंद, वरचे भाडेकरू बाहेर, भैय्याजींकडे सुट्टी. मी मेणबत्ती शोधायला स्वयंपाकघरात गेले आणि सापडेना म्हणून तिथंच बसून राहिले. बाबा पलंगावर पडल्या पडल्या, तोंडावर हसू, तसेच झोपले. मी इतके दिवस हट्टानं, गोधड्या टांगून जी शांतता उभी करत होते ती त्या संध्याकाळी न मागता घरात येऊन बसली, आणि कशावर बसली पाहा. सकाळी डोळे उघडले तर छताकडे बघून घर कोणाचं ते विचारलं नाही. म्हणाले, 'यमू, आज झाडून-पुसून घे, सुभद्रा येऊन राहिली. फोनवर सांगतलं तिनं. हिरवी साडी नेसली होती.' हिरवी साडी! काल संध्याकाळची गोष्ट आज सकाळी! आधी आनंदानं माझ्या अंगावर काटा आला. काल आणि आज, दोन दिवस त्यांच्या डोक्यात एकमेकांना लागून उभे होते. मग मी काय ऐकलं ते माझ्या ध्यानात आलं आणि हातातला झाडू खाली पडला.

तेव्हापासून ते वाट बघतात. सकाळी दाढी करून मागतात, इस्त्रीचा शर्ट मागतात आणि फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतात. कुणी बाई रस्त्यानं गेली की उठून उभे राहतात. पेरू विसरले, औषधाची डबी विसरले, पण हे विसरत नाहीत, कारण रोज वाट बघून बघून ते रोज नव्यानं पक्कं होतं. मी ते मोडायचे सगळे उपाय केले. दिवसभर टीव्ही लावला, मुद्दाम माणसं बोलावली, चला, घ्या परीक्षा, म्हटलं. काही उपयोग झाला नाही, म्हणून पुन्हा दुपारची शांतता आणि रोजची एक गोष्ट सुरू केली. लागलेल्या दह्याचं पुन्हा दूध होत नाही. संध्याकाळी ताई आली नाही की त्यांचा चेहरा बघवत नाही. 'आपल्यावर रुसली असन काय वं?' असं मला विचारतात. आणि मलाच समजावतात, 'ती आली का तू मोकळी. जाय घरी, अभ्यास कर. तुले मास्तरीण व्हायचं आहे.'

गुंजन, हे वाक्य तुला नीट कळावं म्हणून एक जुनी गोष्ट लिहावी लागेल. मी हे तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात तुझं नाव आहे आणि तुझा दोष काडीचाही नाही. माझा बी.एड.ला नंबर लागला होता. ताईच्या वर्षश्राद्धाला सगळे आमच्या अंगणात जमले, जेवणं झाली आणि सतरंजीवरच ठरलं. 'लेकराले परकी आई कायले? घरातलीच आहे की,' असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं. तू माझ्या मांडीवर झोपली होतीस, माझा पदर मुठीत धरून. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर तुझ्या बाबांनाही कुणी विचारलं नाही. ते आत माजघरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्याआधी ते माझे भाऊजी होते. किती थट्टा करायचे! मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे, नागपूरला यायला-जायला बसचे पैसे द्यायचे, माझ्या पेपरच्या दिवशी ताईला सांगून दही-साखर पाठवायचे. लग्न लागलं आणि ते हसणं संपलं. बाबा वाईट नवरा नव्हते. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार आणून हातात. पण पंचवीस वर्षं त्यांनी माझ्याकडे मान वर करून कधी पाहिलं नाही, जणू पाहिलं तर ताईचा अपराध होईल. मी ते समजत होते आणि कुढतही होते. आणि आता या आजारानं माझा नवरा नेला आणि भाऊजी परत आणून दिले. पेपर कसा गेला म्हणून विचारणारे. मी तुझ्यापाशी लपवत नाही, मला ते विचारलेलं आवडतं. काही सकाळी तर मी त्यासाठीच लवकर उठते. आणि संध्याकाळी तेच भाऊजी मला शेजारी झोपायला पाठवतात, तेव्हा जीव नकोसा होतो.

खरं सांगून टाक, असं भैय्याजी म्हणतात. सांगून पाहिलं. एक दिवस समोर बसून म्हटलं, भाऊजी, ताई गेली, कावीळ झाली होती. ते ओरडले नाहीत. पोटात गुडघे घेऊन लहान पोरासारखे रडले आणि म्हणाले, 'मले कोणी सांगतलं काहून नाही?' त्या क्षणी दार लोटून अंधार करायला हवा होता. माझे हात गेले ते रिमोटकडे. टीव्ही लावला, मोठ्यानं लावला. थोड्या वेळानं डोळे पुसत मला विचारू लागले, 'सर्दी झाली काय मले?' दुसऱ्या खेपेला धीर करून दुसरी बाजू सांगितली, की मी तुमची बायको आहे, आपलं लग्न झालं आहे. तर उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, 'यमू, तुझी बाई जिती असतानी असं तोंडातून काढू नको. मी असा माणूस नोहो.' आणि फाटकाकडे जाऊन कडी हलवत राहिले. ते तेवढ्यापुरतंच होतं, त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. माझ्या डोक्याला तसा आजार नाही. म्हणजे मी कशी अडकले आहे पाहा. दोन्ही गोष्टी एकदम सांगता येत नाहीत, दुसरी पहिलीला खाते. माझी आधी सांगितली तर ते स्वतःला पापी समजतात. ताईची आधी सांगायची आणि मुरू द्यायची, तर ते दुःख त्यांना कायमचं राहील, आणि त्या दुःखात मी कोण? बायको मेलेल्या माणसाच्या घरात उगाच राहिलेली साळी. ते मला दुसऱ्याच दिवशी माहेरी जा म्हणतील, आणि माहेरी आता दार उघडायलाही कुणी नाही.

तुझा चेहरा फोनवर पुन्हा दिसला तर ते वाट बघणं आणखी पक्कं होईल, म्हणून तुझा कॉल उचलत नाही, पण हे सगळं लिहिलं ते एवढंच सांगायला नव्हे. गुंजन, तू ये. रजा काढून ये, चार दिवसांची नको, जरा मोठी काढ. ताईची साडी नेसू नकोस, केस मागे बांधू नकोस, नेहमीच्या तुझ्या जीन्समध्ये ये. त्यांच्यासमोर बस, मी गुंजन म्हण, तुमची मुलगी, मोठी झाले म्हण, आणि आई गेली हे तू सांग. तुझ्या तोंडून त्यांनी तिला जिवंत ऐकलं आहे, ते माझ्या तोंडून पुसलं जाणार नाही. आणि ती तुझी आई आहे. तिच्या जाण्यावर माझा एकटीचा अधिकार नाही. ते रडतील. तेव्हा त्यांना जवळ घेऊन बोलत बसायचं नाही, पाणी देऊन फोटो दाखवायचे नाहीत. उठून बाहेर यायचं. मी दार लोटीन, आणि आपण दोघी स्वयंपाकघरात बसून राहू, एक शब्द न बोलता, आतून काहीही ऐकू आलं तरी. माझ्याच्यानं एकटीनं ते होत नाही, माझे हात रिमोटकडे जातात. तू माझे हात धरायचे. कदाचित बरेच दिवस हेच करावं लागेल, मग एखाद्या सकाळी ते उठतील आणि फाटकाजवळ खुर्ची मागणार नाहीत. मला माहीत आहे, तेव्हा तुला लगेच दुसरी गोष्ट सांगायची घाई होईल, की बाबा, ही मावशी तुमची बायको. ती सांगायची नाही. तू नाही, भैय्याजी नाहीत, कुणीही नाही. मागच्या वेळी सतरंजीवरच्या सगळ्यांनी आम्हां दोघांचं ठरवून टाकलं होतं. या वेळी त्यांना जा म्हणायचं असेल तर म्हणू दे, मी शेजारी भैय्याजींकडे खोली घेईन आणि दिवसा येऊन त्यांचं करीन. आणि राहा म्हणायचं असेल, तर त्यांनी स्वतः मला विचारावं. एकदा तरी मला कुणी विचारावं, गुंजन. मी काय उत्तर देईन ते मात्र विचारू नकोस, ते मला अजून ठाऊक नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
यमूमावशी